मुसाफिर म्हणजे पाहुणा

१९९७चा उन्हाळा. तेहरान ते इस्तंबूल, सुमारे अडीच हजार किलोमीटर, सायकलने. मी तेव्हा बी.ए. होऊन बेकार होतो आणि कविता करत होतो. म्हणजे घरच्यांच्या हिशेबात दोनदा बेकार. विमानाचे पैसे मामूंनी दिले. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. निघताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण तेहरानला पिशवी उघडली, तर तळाशी सोल्यूशन, कानस आणि जुन्या ट्यूबचे नीट कापलेले तुकडे. दुसरं कोण ठेवणार?

लोक विचारतात, सगळ्यात जास्त काय आठवतं? त्यांना वाटतं, मी अरारातचं नाव घेईन. पाच हजार मीटरहून उंच, बर्फाची टोपी घातलेला तो डोंगर सरहद्द ओलांडल्यावर उजव्या हाताला सोबत करतो. तो आठवतोच. पण मला आधी शब्द आठवतात.

इराणात सायकलला म्हणतात 'दोचर्खे'. दो म्हणजे दोन, चर्ख म्हणजे चाक. आपली दुचाकीच की! आणि पंचरला? पंचरच. तब्रीझच्या अलीकडे मी लावलेलं ठिगळ सुटलं. एका दुकानदाराने ते काढून नवं लावलं. पैसे विचारले, तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "काबेल नदारे." म्हणजे, त्यात काय एवढं! मी खूश होऊन निघालो. पुढे चहाच्या दुकानात एका विद्यार्थ्याने सांगितलं, ही बोलायची रीत आहे. आग्रह करून पैसे द्यायचे असतात. आपल्याकडे पाहुणा "नको, पोट भरलंय" म्हणतो, तसंच. सहा किलोमीटर उलटा गेलो, तोही समोरच्या वाऱ्यात. त्याने पुन्हा नको म्हटलं. या वेळी मी शहाणा झालो होतो.

तुर्कस्तानात ताहिर घाट लागतो, जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर. पाऊस, अंगात ताप, मागे मेंढपाळांची कुत्री. गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे. बस पकडून परत फिरायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अंधारात एक दार ठोठावलं. म्हातारीने उघडलं. तुर्की येत नव्हती. एकच शब्द सुचला, "मुसाफिर." मला म्हणायचं होतं, वाटसरू आहे, चोर नाही. ती हसली आणि बाजूला झाली.

तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. दारात उभं राहून मीच स्वतःला पाहुणा जाहीर केलं होतं!

तीन दिवस तिथे होतो. तांदूळ, पुदिना घातलेलं दह्याचं गरम सार ती पाजायची. एकदा तिने विचारलं, "बाबा?" म्हणजे वडील. मी ते ट्यूबचे तुकडे काढून दाखवले. तिला काय कळलं कोण जाणे. मला मात्र रडू आलं. तापात येतं कधी कधी. चौथ्या दिवशी घाट चढलो.

इस्तंबूलला बॉस्फरसच्या पुलावर सायकलला मज्जाव. त्यामुळे आशियातून युरोपात मी गेलो तो बोटीत बसून, चहा पीत.

घरी परतलो तेव्हा अब्बा घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पंचर कित्ते?"

"सात. सहा मी काढले, एक तिथल्या दुकानदाराने."

"पैसे दिए उसको?"

"दिले. परत जाऊन."

त्यांनी हात पुसले आणि माझी सायकल स्टँडवर घेतली.