पारख नाण्याची

नाणे वाजवून घ्यावे, ही जुन्या बाजारपेठेची शिकवण. तिचे मर्म जाणणाऱ्या शहरांत सुरतेची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. अकबराने १५७३ मध्ये हे बंदर जिंकले आणि सतराव्या शतकात तेथील टांकसाळ मोगल साम्राज्यातील प्रमुख टांकसाळींत गणली जाऊ लागली. परदेशी जहाजांतून आलेले स्पेनचे रियाल येथे वितळत आणि त्यांतून सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा रुपया जन्मास येई. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर स्वारी केली, तिच्या वैभवाचा उगम याच व्यापारात होता.

त्या काळी रुपयाचे मोल केवळ ठशावर ठरत नसे. चालू सालचा सिक्का पूर्ण किमतीचा. साल उलटले की त्यावर बट्टा बसे. हा बट्टा ठरविणे, वजन करणे, कस पाहणे ही कामे सराफाची. शंका आल्यास तो नाण्यावर बारीक छेद घेई, आतील चांदी पाही आणि आपली खूण उमटवी. नाण्यावरील तो व्रण म्हणजेच त्याच्या खरेपणाचा पुरावा होय.

आज त्याच शहरातील नाण्यांच्या दुकानात प्रूफ नाणे शोधणारा संग्राहक नेमके उलट मागतो. त्याला ओरखडाही नको असतो. इंग्रजीतील ‘प्रूफ’ या शब्दाचा येथील अर्थ मूळचा चाचणीचा. ठसा नीट उतरला की नाही, हे पाहण्यासाठी प्रथम जी निवडक नाणी पाडीत, त्यांना हे नाव मिळाले. पुढे ती संग्राहकांसाठी मुद्दाम होऊ लागली. त्यांचे ठसे व चकत्या घासून लखलखीत करतात आणि एकाच चकतीवर ठसा सावकाश, बहुधा एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी दिसते, अक्षरे व आकृती रेखीव उठून येतात. अनेक नाण्यांत उठावाचा भाग पांढुरका ठेवलेला असतो. असे नाणे बाजारात फिरविण्यासाठी नसतेच.

प्रजासत्ताक भारताचा पहिला प्रूफ संच १९५० चा. रुपयापासून एका पैशापर्यंतची सात नाणी त्यात होती. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेले चांदीचे दहा रुपयांचे नाणेही प्रूफ स्वरूपात मिळते. पंधरा ग्रॅम वजनाच्या या नाण्यात ऐंशी टक्के चांदी आहे. त्या काळापासूनच्या मुंबईच्या अनेक प्रूफ नाण्यांवर ‘बी’ आणि नंतरच्या नाण्यांवर ‘एम’ हे रोमन अक्षर खुणेदाखल आढळते.

नवख्या संग्राहकाची फसगत होते ती चकाकीपायी. साधे चलनी नाणे यंत्रावर घासून चकचकीत करता येते आणि काटकसरीने साठविलेला पैसा त्यात जातो. पण घासलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा गोलावतात आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसतात. खऱ्या प्रूफ नाण्याची किनार धारदार असते आणि अक्षरांच्या अगदी मुळापर्यंत आरसा स्वच्छ असतो. टांकसाळीचे मूळ वेष्टन असल्यास उत्तम. मात्र वेष्टनात नाणे बदलता येते, हेही विसरू नये.

नाण्यावरील नावही अंतिम साक्ष देत नाही. सम्राट शाह आलम १८०६ मध्ये निवर्तला. तरी त्याच्या राज्यारोहणाचे ४६ वे वर्ष दाखविणारे, सुरतेचे नाव धारण करणारे रुपये कंपनी सरकार पुढेही पाडीत राहिले आणि त्यांपैकी कित्येक मुंबईच्या टांकसाळीत तयार झाले. १८३५ मध्ये सर्वत्र एकच चलन आले, तेव्हा कोठे हा प्रकार थांबला. पुढे ब्रिटिश अमदानीत कलकत्ता व मुंबई येथे जुन्या सालांची नाणी संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिली जात. ती खोटी नव्हेत. परंतु त्या त्या सालची अस्सल प्रूफही नव्हेत. दोहोंच्या किमतींत म्हणूनच अंतर असते.

यास्तव दुकानात जाणाऱ्याने भिंग आणि बारीक तराजू जवळ बाळगावा, नाणे कडेने धरावे, पावतीवर त्याचे वर्णन लिहून घ्यावे आणि घरी आणलेले नाणे कधीही घासू नये. चिंच अथवा राख लावून उजळलेल्या नाण्याचे वय आणि मोल दोन्ही पुसले जाते. प्रूफ नाणे परवडले नाही तरी खेद नको. सराफाच्या खुणा अंगावर वागविणारा, ठशाचे अर्धेच अक्षर उमटलेला सुरती रुपया कित्येक हातांची आणि बाजारांची साक्ष देतो. आरशासारखे नाणे टांकसाळीचे कौशल्य सांगते, तर झिजलेले नाणे लोकांचा व्यवहार सांगते. दोहोंतील भेद ज्याला कळला, त्याच्या संग्रहाला थोडक्या नाण्यांनीही शोभा येते. कारण नाणे पैशाने मिळते, पारख मात्र अभ्यासानेच येते.