दोन बीजांची भेट

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. नदीपलीकडील झैनाबादच्या बागेत तिचा देह काही काळ दफन केलेला होता. एकीच्या पदरी चौदा मुले यावीत आणि दुसरीची कूस रिकामीच राहावी, याला जुनी माणसे दैव म्हणत. परंतु दोष द्यावयाची वेळ आली, की तो दैवाला न देता सुनेला देत. ही रीत अद्याप पुरती नाहीशी झालेली नाही. म्हणून गर्भधारणेच्या पहिल्या क्षणाविषयी शास्त्र काय सांगते, ते पाहणे उचित ठरेल.

स्त्रीबीज मिलिमीटरच्या एक दशांशाएवढे असते. पुरुषबीजाची लांबी त्याच्याही निम्मी. शरीरातून बाहेर पडताच पुरुषबीज फलनक्षम नसते. स्त्रीच्या शरीरात काही काळ राहिल्यावरच त्याला ते सामर्थ्य येते, असे १९५१ मध्ये चँग व ऑस्टिन या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. पुढे त्याच्या माथ्यावरील टोपीसारखी पिशवी फुटते आणि ते स्त्रीबीजाभोवतीचे जाड कवच भेदून आत शिरते. तरीही काम संपत नाही. दोन बीजे एकमेकांस चिकटावी लागतात, आणि हे चिकटणे विशिष्ट प्रथिनांच्या स्वाधीन असते.

जपानातील ओसाका येथील संशोधकांनी २००५ मध्ये पुरुषबीजावरील असे एक प्रथिन शोधून काढले. विवाहाचे दैवत असलेल्या जपानी मंदिरावरून त्यास ‘इझुमो’ हे नाव दिले. टोपी फुटेपर्यंत ते झाकलेले असते. हे प्रथिन नसलेले नर उंदीर धडधाकट होते. त्यांची बीजे पोहत, कवचही भेदीत. परंतु स्त्रीबीजाशी एकजीव होत नसत. तीच बीजे सूक्ष्म नळीने स्त्रीबीजात सोडली, तेव्हा मात्र पिले जन्मास आली. उणीव होती ती केवळ भेटीच्या क्षणाची!

इझुमोचा स्त्रीबीजावरील जोडीदार इंग्लंडमध्ये २०१४ साली सापडला. विवाहाची रोमन देवता ‘जुनो’ हिचे नाव त्यास मिळाले. एक पुरुषबीज आत शिरल्यावर सुमारे अर्ध्या-पाऊण तासात स्त्रीबीज आपल्या पृष्ठभागावरील जुनो टाकून देते. त्यामुळे दुसऱ्यास चिकटावयास जागा उरत नाही. अर्थात् ही दोनच प्रथिने सर्व कार्य करीत नाहीत. चिकटणे निराळे, एकजीव होणे निराळे. इझुमोसह पुरुषबीजावरील तीन प्रथिने एकत्र येऊन स्त्रीबीजाशी दुवा जोडतात, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

या ज्ञानाचा उपयोग घरोघरी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी शरीराबाहेर फलन झालेली बालिका जन्मली. त्या पद्धतीतही बीजांना परस्परांस आपणच चिकटावे लागते. १९९२ पासून मात्र एकच पुरुषबीज थेट स्त्रीबीजात सोडून अपत्यप्राप्ती होऊ लागली.

वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. पुरुषबीजे थोडी असणे, स्त्रीच्या बीजवाहिन्या बंद असणे, ही त्यांतील नेहमीची. पण त्या उंदरांची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुनो नसलेली मादी निरोगी असूनही वांझ, आणि इझुमो नसलेला नरही निरोगी असूनही वांझ! धडधाकट देह हा कोणाच्याही निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. पाळणा हलत नसेल, तर वैद्याकडे दोघांनीही जावे आणि तपासणी दोघांचीही व्हावी. सुनेस एकटीस दोष देण्यास निसर्गात कोठेही आधार नाही.