विहिरीचें पाणी येतें कोठून?

मराठवाड्यांतील शिरड शहापूर हें गांव बाहेरच्या लोकांस तेथील मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें ठाऊक असतें. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांतील या गांवाखालीं जो काळा पाषाण पसरला आहे, तो मात्र सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून झालेला. पुण्यामुंबईच्या घरांखालींही तोच आहे.

या पाषाणांत पाणी येतें कोठून? विहीर खणणारास विचारावें, तर उत्तर ठरलेलें : झरा लागला. पाणाड्या हातांत काडी घेऊन फिरतो, तोही झऱ्याच्याच शोधांत. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत लिहिलें, कीं देहांत शिरा असतात तशा भूमींतही जलाच्या शिरा असतात. वृक्ष व वारुळें यांवरून त्या ओळखण्याच्या खुणाही त्यानें दिल्या. कल्पना सुंदर, आणि खडकांतील भेगांपुरती फारशी चुकलेलीही नाहीं. परंतु लोकांच्या मनांत तिची अखंड वाहणारी नदी झाली. खोल गेलें कीं ती सांपडणारच! भूजलाचें शास्त्र सांगावयाचें, तर ही पाताळगंगा प्रथम आटविली पाहिजे.

तिच्या जागीं श्रोत्यांनीं घरांतला रांजण डोळ्यांपुढें आणावा. रिकामा नव्हे, दगडांनीं ठेचून भरलेला. वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळ, सच्छिद्र खडक, मुख्यतः एवढ्यांतच पाणी मुरतें. अभंग कातळांत तें फारसें शिरत नाहीं. पाणी धरणाऱ्या थरांतही शंभर घागरींच्या आकारमानांतून विहिरीस मिळतें तें साधारणतः एक ते तीन घागरी.

येथें थोडा हिशेब करावाच लागतो. दोन घागरी धरल्या, तर एक हेक्टर शेताखालीं पातळी १ मीटर उतरली असतां हातीं येतें २ लक्ष लिटर पाणी. शेतावर पसरलें तर २ सेंटिमीटरांचा थर. हिंगोलीकडे हळदीचें पीक मोठें. त्यास ५ सेंटिमीटरांची एकच पाळी दिली, तर पाझरून परत जाणारें पाणी सोडून, पातळी अडीच मीटर खालीं जावयाची. आणि हळद आठ-नऊ महिने रानांत उभी असते! उलट, २ सेंटिमीटर पाऊस खरोखर मुरला, कीं पातळी मीटरभर चढते. म्हणून भाद्रपदांत विहीर तुडुंब दिसते आणि माणूस फसतो. शिवाय हें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडूनही ओढलें जातें. बांध वर असतो, खालीं नसतो.

१९७२ सालीं स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींचें पाणी वर्षांतून चार वेळां मोजते. पण आंकडा दप्तरांत आणि हात पंपाच्या बटणावर असेल, तर शास्त्र गांवांत उतरलें असें कसें म्हणावें? अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पाऊस गांवांतच मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात आणि त्याप्रमाणें पिकें ठरवितात. शेतीसाठीं कूपनलिका खणण्यास बंदीही गांवानेंच घातली.

शिरड शहापुरासारख्या गांवास आरंभीं पुरेल तो एक दोर : हातहात अंतरावर गांठी, टोंकाला दगड. दसरा, संक्रांत, होळी आणि अक्षय्य तृतीया, या सुमारास शाळेंतील मुलांनीं वडीलधाऱ्यांसह तो दहापांच विहिरींत सोडावा, कांठापासून पाण्यापर्यंतच्या कोरड्या गांठी मोजाव्या आणि आंकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा. हळदीचें बेणें जमिनींत जाण्यापूर्वीं तो प्रत्येकानें वाचलेला असावा.