हुर्राक आणि मोह

आमच्या महागावकडं हातभट्टी म्हटलं की आधी पोलिसांचा छापा आठवतो. गोव्यात सत्तरीला एकदा एप्रिलात गेलो, तर यजमान काजूची भट्टी कौतुकानं दाखवायला घेऊन गेले. मी न पिणारा, तरी पाहत राहिलो. बोंडं पायांनी तुडवायची, रस आंबवायचा, भाणात उकळून वाफ थंड करायची. पहिली निघते ती हुर्राक. तिच्यात रस घालून पुन्हा गाळली की फेणी.

‘हुर्राक’ शब्दाशी मी अडलो. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. त्यातूनच आपला अर्क. बार्बाडोस बेटावरच्या माउंट गे या रमच्या भट्टीचा दस्तऐवज 1703 चा आहे. रम होते उसाच्या मळीतून, आणि तिथल्या त्या उसात आफ्रिकी गुलामांचा खराखुरा घाम होता.

फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मध्य प्रदेशानं 2021 मध्ये मोहाची दारू ‘वारसा मद्य’ म्हणून विकायचं जाहीर केलं. आमच्याकडं ती गाळणं गुन्हाच. आणि पहाटे मोहफुलं वेचणारी एखादी बाई संध्याकाळी दारुड्या नवऱ्याचा मारही खाते. गावात दारूबंदी मागायला पहिली तीच उभी राहते. तिला वारशाचं कौतुक मी कोणत्या तोंडानं सांगू?

निघताना भट्टीवाल्यानं निरो दिला, म्हणजे तुडवलेल्या बोंडांतून निथळलेला, न आंबलेला रस. तो मात्र मी दोनदा मागून घेतला.