पायी चालण्याच्या वेगाने

दणकट गाडी दारात उभी दिसली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती पळते?’ माझ्याकडे थार आहे, २०२० साली आलेल्या नव्या घाटणीची, डिझेलवर चालणारी. ती हमरस्त्यावर बऱ्यापैकी पळते. पण तिची खरी मजा ताशी चार-पाच किलोमीटरला, म्हणजे माणूस पायी चालतो त्या वेगाला आहे, असं सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो.

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्यातही एक चाक चिखलात घसरायला लागलं, की सगळी ताकद तेच खातं. ते गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म उभं. फोर बाय फोर गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असतो. तो ओढला की पुढची-मागची दोन्ही बाजूंची चाकं कामाला लागतात. आणखी पुढे नेला की ‘लो रेंज’. चढावर आपण सायकलचा गिअर हलका करतो ना, तसंच. वेग जवळजवळ अडीचपटींनी उतरतो आणि चाकाचा जोर तेवढाच वाढतो. डांबरी रस्त्यावर मात्र हा दांडा सरळच असू द्यावा. तिथे चाकांना घसरायला वाव नसतो, आणि वळताना सगळा ताण गाडीच्या सांध्यांवर येतो.

आता खरा खेळ. तीव्र उतार आहे, मुरुमाचा. माथ्यावर आलं की बॉनेटच्या पुढे फक्त आभाळ दिसतं. पहिला गिअर, लो रेंज, आणि दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. गाडी इंजिनाच्या आधाराने एकेक पाऊल टाकत, कुरकुरत खाली उतरते. ब्रेक दाबायचा मोह आवरणं हीच काय ती मर्दुमकी. आमच्या वहिनी, वय ६१, पहिल्यांदा बसल्या तेव्हा खाली पोहोचेपर्यंत डोळे मिटून होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, ‘‘भावोजी, अजून एकदा!’’

जीप आपल्याकडची जुनी ओळखीची. विलीज जीप महायुद्धासाठी जन्मली. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली, आणि पुढे वनखातं, पोलीस, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे ती राबली. वडापच्या जीपमध्ये मांडीवर पोर आणि टपावर गाठोडी घेऊन आपल्यापैकी कित्येकांनी प्रवास केला असेल. तिच्याशी खेळावं, हे त्या पिढीला सुचलं नसतं. डिझेल कोण घालणार!

खेळायचं कुठे, हा मात्र अवघड प्रश्न आहे. जाहिरातीत गाडी ओढ्यातून, वाळूतून पाणी उडवत जाते. पण वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वरून चाक गेलेलं खालच्या घरट्याला कळतं, चालवणाऱ्याला नाही. कासच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ, की एकदा उमटलेली चाकोरी पुढल्या वर्षी फुलांना जागा देत नाही. माझ्या मते अशा ठिकाणी गाडी घालणाऱ्याला हौशी म्हणू नये, त्याच्यासाठी दुसरा शब्द शोधावा. असो.

आम्ही मावळात एका मित्राच्या पडीक रानात जातो. शेजारी बंद पडलेली दगडखाण आहे. दिवाळीनंतर, त्याला विचारून. आधी टायरची हवा वीस पौंडांवर आणायची, मग टायर पसरतो आणि दगडाला धरतो. परतताना भरायला पंप जवळ हवाच. डबकं दिसलं तर काठीने खोली बघायची. कंपनी साडेसहाशे मिलिमीटरपर्यंत चालतं म्हणते, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. तेही साचलेल्या पाण्यात. वाहतं पाणी असेल तर गाडी वळवायची.

आणि एकाने नेहमी खाली उतरून पुढे उभं राहायचं, कुठलं चाक कुठल्या दगडावर जातंय ते हाताने दाखवायला. हल्ली ते काम माझ्याकडे आहे. चावी वहिनींकडे असते.