एकदांच चालणारी किल्ली

घोडनदीच्या तीरावरील शिरूर आणि भीमेच्या तीरावरील दौंड या पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत कित्येक कुटुंबें आज दोन ठिकाणीं नांदत आहेत. आईबाप शेतावर, तर मुलगा रांजणगांवच्या कारखान्यांत किंवा पुण्यास. सातबारा बापाच्या नांवावर. आधारास जोडलेला फोनचा क्रमांक मात्र मुलाच्या खिशांत, ही स्थिति अशा घरांत नवलाची नाहीं. या साध्या विसंगतींतून एक गंभीर प्रश्न उद्भवतो. ज्या आंकडी संकेतांकास सर्वत्र ओटीपी म्हणतात, त्याच्याशीं तो निगडित आहे.

पंतप्रधान किसान सन्मान निधि ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झाली. तींत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठीं ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. त्यासाठीं शेतकऱ्यास आपली ओळख पटवावी लागते. आधारास जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी, सेवा केंद्रांत दिलेला बोटाचा ठसा, आणि २०२३ पासून चेहऱ्याची ओळख, असे तीन मार्ग त्यास मोकळे आहेत. पहिला मार्ग धरला कीं बाप गांवाहून फोन करतो आणि मुलगा पुण्याहून आंकडे सांगतो. काम होतें, परंतु त्याबरोबर घरास एक संवय जडते. फोनवर कोणी विचारलें कीं आंकडे सांगावयाचे! चोरास हवी असते ती नेमकी हीच संवय.

ओटीपीमागील विचार सरळ आहे. गुप्त शब्द एकदां परक्याच्या कानीं पडला कीं तो कायमचा फुटला. तेव्हां दर वेळीं नवा शब्द वापरावा. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानें १९८१ सालीं अशी एक पद्धति मांडली होती. आज या विचाराचे तीन प्रकार प्रचारांत आहेत.

पहिल्या प्रकारांत संस्था संकेतांक तयार करून लघुसंदेशानें धाडते. कार्डानें ऑनलाइन खरेदी करतांना अधिकचा पुरावा मागण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २००९ पासून लागू केला आणि हा प्रकार घरोघर पोंचला. तो अगदीं साध्या फोनवरही चालतो. बँकेच्या संदेशांत पुष्कळदां रक्कमही लिहिलेली असते. ती वाचणाऱ्यास फसवणूक वेळींच कळते. पण मनोरा दूर असला कीं संदेश रेंगाळतो, आणि लबाडीनें त्याच क्रमांकाचें दुसरें सिमकार्ड कोणी मिळविलें, तर तो सरळ त्याच्याच हातीं जातो.

दुसरा प्रकार मोजणीवर चालतो. त्याचें मानक डिसेंबर २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. संस्था व वापरणाऱ्याचें यंत्र यांच्यापाशीं एकच गुप्त किल्ली असते. बटण दाबलें कीं किल्ली आणि मोजणीचा आंकडा यांवरून संकेतांक निघतो व मोजणी एकानें पुढें सरकते. येथें ना घड्याळ लागतें, ना रेंज. मात्र पोरानें खेळतां खेळतां बटण पुष्कळ वेळां दाबलें, तर दोन्ही बाजूंची मोजणी चुकते. शिवाय काढलेला पण न वापरलेला संकेतांक, त्याच्या पुढचा वापरला जाईपर्यंत, जिवंत राहतो.

तिसऱ्या प्रकारांत मोजणीची जागा घड्याळ घेतें. त्याचें मानक मे २०११ मधील आहे. फोनमधील ॲप साधारणतः दर ३० सेकंदांनीं नवे आंकडे दाखवितें. त्यालाही रेंज लागत नाहीं, आणि कागदावर टिपलेला आंकडा लौकरच निरुपयोगी होतो. फोनचें घड्याळ तेवढें बरोबर असावें, आणि फोन हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव संकेतांक लिहून कपाटांत ठेवावे.

तथापि तिन्ही प्रकारांत एक उणीव समान आहे. मालकानेंच आंकडे सांगितले, तर कोणतेंही यंत्र त्यास वांचवूं शकत नाहीं. सावध चोरास ३० सेकंदही पुरतात.

म्हणून निवड घर पाहून करावी. बँकेच्या व्यवहारांत ती बहुधा बँकेच्याच हातीं असते. तेथें संदेशांतील रक्कम वाचल्यावांचून आंकडे भरूं नयेत. ई-मेलच्या खात्यास मात्र घड्याळी प्रकारच लावावा, कारण इतर खात्यांचे विसरलेले संकेतशब्द त्याच दारानें परत मिळतात. गांवांतील वडिलांसाठीं आधार केंद्रांत जाऊन त्यांचाच क्रमांक जोडून घ्यावा. तें होईपर्यंत सेवा केंद्रांतील बोटाचा ठसा बरा, कारण त्यांत आंकड्यांना प्रवासच करावा लागत नाहीं. आलेल्या फोनवर कोणासही, अगदीं मुलाच्या आवाजासही, आंकडे सांगूं नयेत. फोन ठेवून आपणच त्याच्या ओळखीच्या क्रमांकावर लावावा. आणि इतकें करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. रक्कम हातोहात पुढें सरकण्यापूर्वीं तक्रार पोंचली, तरच ती वाटेंत अडविण्याची आशा असते.