दलाल कोणाचा?



केळीचे, कापसाचे दोन पैसे हाती राहिले की माणूस म्हणतो, जळगावात नाहीतर धुळ्यात दोन खोल्या घेऊ. घरबसल्या भाडे येत राहील. विचार चांगला आहे. मग प्रश्न येतो, दलाल धरावा की नाही?

बैलबाजार आपण सर्वांनी पाहिला आहे. दलाल उपरण्याखाली बोटे दाबतो आणि भाव ठरतो. तिथे आपण आधी विचारतो, हा दलाल कोणाचा? विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? घर घेतानाही हेच विचारा. घर दाखवणारा पुष्कळदा विकणाऱ्याचाच माणूस असतो. तो घराची उणी बाजू सांगेलच असे नाही.

आता हिशेब करू. समजा, घर २० लाखांचे. दलाली शेकडा २. म्हणजे झाले ४० हजार. भाडे महिना ७ हजार असेल, तर जवळजवळ सहा महिन्यांचे भाडे दलालीत गेले. आणि घर २२ लाखांना ठरले तर दलाली ४४ हजार! भाव चढला की दलाली चढते. मग तो आपल्यासाठी भाव का पाडील? म्हणून आम्ही सांगतो, दलाली ठोक रकमेत ठरवा. कोण देणार, कधी देणार, हे लिहून घ्या. दोन्हीकडून घेणार का, तेही विचारा.

मग दलाल नकोच का? तसे नाही. शहरात ओळख नसली, वारंवार जाणे जमत नसले, तर जाणता माणूस उपयोगी पडतो. कोणत्या भागात पाणी किती दिवसांनी येते, भाडेकरू कुठे टिकतात, हे त्याला ठाऊक असते. महारेराकडे नोंदलेल्या नव्या इमारतीतले घर विकणाऱ्या दलालाला २०१६ च्या कायद्याप्रमाणे स्वतःचीही नोंदणी करावी लागते. तो नंबर मागा. जुन्या घराच्या सौद्यात आपणच जास्त जागे राहावे.

पण कागद पाहणे दलालावर सोडू नका. सिटी सर्व्हेचा उतारा स्वतः वाचा. मालकाचे नाव तेच आहे का? बोजा आहे का? वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासून घ्या. विसार त्यानंतरच द्या. पुढे भाडेकरू ठेवाल, तेव्हा करार लेखी करून नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे, दलालाची नाही.

दलाल घर दाखवील. पैसे आपले जाणार, घर आपले होणार. आता अक्षरे आली आहेत, ती इथे कामी लावा. आधी वाचा, मग सही करा.